पाण्यात उतरण्याआधी काठाला विचारा



‘नवशिका पाणबुड्या आणि काठावरचा जाणकार’ हा आजच्या व्याख्यानाचा विषय. समुद्रापासून इतक्या दूर, यंत्रांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या आपल्या नगरीत हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपणांस निगडीच्या किंवा भोसरीच्या रस्त्यावर उभे राहिल्यास मिळेल. उन्हाळ्याच्या दिवसांत साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्री दुसरी पाळी संपवून किती तरुण तेथून कोकणच्या वाटेला लागतात, हे आपण पाहतोच. चाकणच्या कारखान्यांतील मुले येतात, आकुर्डीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी येतात, चिंचवडची कुटुंबेच्या कुटुंबे जातात. पूर्वी ही मंडळी समुद्र पाहावयास जात. आता त्यांतील अनेकांना समुद्राच्या आत जावयाचे असते. मालवण आणि तारकर्ली ही नावे स्कूबाशी जोडली गेली आहेत. कोणी एकदाच हौसेने बुडी मारून येतो, तर कोणी रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र खिशात घालून परततो. आमचे आजचे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या तरुणाशी आणि त्याला निरोप देणाऱ्या आईबापांशी आहे. हौसेला आमचा विरोध नाही. हौसेबरोबर एक गोष्ट न्यावी, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम स्कूबा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पाण्याखाली श्वास घेण्याचे, स्वतःबरोबर वाहून नेता येण्याजोगे साधन म्हणजे स्कूबा. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली ज्या युक्तीला आकार दिला, तिच्यामुळे ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली हवा असते. पाणबुड्या जितका खोल जाईल, तितक्याच दाबाची हवा त्याला नळीतून मिळते. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा, मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने नव्हे. तिसरा नियम एकट्याने न जाण्याचा. नवशिक्याला १८ मीटरपर्यंतच उतरण्याची मुभा असते. हे नियम उत्तम आहेत, आणि मालवणात, अंदमानात किंवा तांबड्या समुद्रात ते सारखेच लागू पडतात. पुस्तकाचे सामर्थ्य यातच आहे की, ते सगळ्या पाण्यांना लागू पडते.

परंतु कोणीही माणूस सगळ्या पाण्यांत उतरत नाही. तो एका दिवशी, एका वेळी, एका किनाऱ्यावरून, एकाच पाण्यात उतरतो. त्या पाण्याविषयी पुस्तक काही सांगू शकत नाही.

आपल्या नगरीतील श्रोत्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. नवा इंजिनियर कारखान्यात येतो. यंत्राची माहितीपुस्तिका त्याला तोंडपाठ असते. तरी पहिल्या आठवड्यात जुना फिटर त्याला सांगतो, ‘साहेब, हे यंत्र सकाळी थंड असताना पहिले दहा नग मोजून बघा, मग चालू द्या.’ हे वाक्य पुस्तिकेत नसते. एकाच साच्याच्या दोन यंत्रांपैकी कोणते कुरकुरते, कोणत्या आवाजाला थांबावयाचे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करावयाचे, हे त्या यंत्राशेजारी वीस वर्षे उभा राहिलेला माणूसच जाणतो. शहाणा इंजिनियर त्याचे ऐकतो. न ऐकणाऱ्याचा माल तपासणीत नापास होतो. समुद्रात मात्र नापास झालेला माल परत दुरुस्तीला येत नाही, एवढाच फरक.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचेच देतो. चाकणला तयार झालेल्या मोटारी परदेशी जावयाच्या, तर त्या मुंबईच्या किंवा न्हावा-शेव्याच्या बंदरात जहाजावर चढतात. त्या जहाजाचा कप्तान सातही समुद्र ओलांडून आलेला असतो, त्याच्यापाशी नकाशे असतात, उपग्रहावरून दिशा दाखविणारी यंत्रे असतात. तरीही बंदराच्या तोंडाशी तो थांबतो. किनाऱ्यावरून एक लहान बोट येते, तिच्यातून बंदराचा पायलट चढतो, आणि शेवटच्या काही मैलांत कप्तान त्याच्या सांगण्याप्रमाणे जहाज चालवितो. हा केवळ शिष्टाचार नाही, मोठ्या जहाजांना तसा नियमच आहे. वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेच्या मालिंदीपासून कालिकतला आला, तोही तो समुद्र जाणणारा वाटाड्या बरोबर घेऊन. ज्यांनी सारे जग पालथे घातले, त्यांना वाटाड्या घेण्यात कमीपणा वाटला नाही. मग चार दिवसांच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र असलेल्या आपल्या मुलाला तो का वाटावा?

आता काठावरच्या जाणकाराला नेमके काय ठाऊक असते, ते पाहू. लोकांची समजूत अशी की, ही जुन्या माणसांची काही अंतःप्रेरणा असते. आम्ही ते मान्य करीत नाही. ते निरीक्षण आहे, पिढ्यान्‌पिढ्या तपासून पाहिलेले आहे, आणि पुष्कळदा त्याला हिशेबही आहे.

भरतीचाच हिशेब घ्या. कोकणात जुनी माणसे पंचांगावरून भरतीची वेळ सांगत आली आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावयाची, की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. हिशेब बेताचा असला तरी त्याच्या पोटात खगोलशास्त्र आहे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार थोडा. ज्या दिवशी चढउतार थोडा त्या दिवशी पाण्याला ओढ कमी. नवशिक्याने सुटीचा दिवस निवडताना दिनदर्शिकेतील लाल आकड्याबरोबर तिथीही पाहिली, तर त्याचे निम्मे काम घरीच होईल.

पण येथेही स्थळाचा प्रश्न येतोच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. त्यामुळे मालवणची भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. मुंबईच्या माणसाचा पाऊणपटीचा हिशेब मालवणला जसाच्या तसा लावला, तर तो चुकेल. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके छापतो, हैदराबादची सागरी माहिती सेवा उंच लाटांचे इशारे देते. ती अवश्य पाहावीत. परंतु कोष्टक बंदराचे असते. आपण उतरणार त्या खडकापाशी, त्या खाडीच्या तोंडाशी पाणी केव्हा वळते, हे तेथल्या मच्छीमाराला विचारावे लागते.

खाडीच्या तोंडाचेच पाहा. देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची निमुळती जीभ. फार सुंदर जागा आहे. ओहोटी लागली की खाडीत साठलेले पाणी अरुंद तोंडातून समुद्राकडे धावते. भरतीच्या शेवटी जेथे पाणी निवांत उभे होते, तेथेच तासा-दोन तासांनी पट्टीच्या पोहणाऱ्याला जागेवर राहणे कठीण होते. तेथल्या वाळूच्या एका उंचवट्याला लोक त्सुनामी बेट म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले असे सांगतात. वाळूचे बेट वाढते, झिजते, सरकते. गेल्या वर्षी आलेल्या पाहुण्याचे ज्ञानही यंदा शिळे झालेले असते. रोज पाहणाऱ्याचेच ज्ञान ताजे राहते.

उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर दुसराच प्रकार असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जावयास वाट शोधते. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्याला जेथे खिंड असेल, तेथून ते एखाद्या ओढ्यासारखे आत जाते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसते. नवखा माणूस लाटांना भिऊन नेमकी तीच जागा निवडतो! काठावरचा माणूस फेसाच्या रेषेत पडलेली ती मोकळी जागा पाहून लांबूनच सांगतो, ‘आज पाण्याक ओढ आसा. जाव नकात.’ या ओढीत कोणी सापडलाच, तर त्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे, आणि पट्टा संपला की मग वळावे. हे वाक्य आपण घरी मुलांकडून पाठ करून घ्या. पाठांतराच्या अनेक गोष्टींपेक्षा ते अधिक उपयोगी आहे.

आपल्या कोकणात स्कूबाच्या बहुतेक बुड्या होडीतून होतात, हे खरे. परंतु मास्क आणि पायांतील पर घेऊन किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरणारे पुष्कळ आहेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर अंदमानात किंवा परदेशी किनाऱ्यावरून चालत उतरून बुडी मारण्याची संधीही आपल्या मुलांना मिळते. होडीवर निदान एक जाणता माणूस तरी असतो. किनाऱ्यावरून उतरणारा आपणच आपला तांडेल होतो, म्हणून त्याला काठाची विचारपूस अधिक लागते.

ही विचारपूस केवळ पुरुषांकडे करावी असेही नाही. ओहोटीला खडकांवर कालवे काढणाऱ्या बायका पाहा. कोणता दगड निसरडा, कोठे घळ आहे, पाणी परत फिरले म्हणजे प्रथम कोणती वाट बुडते, हे त्यांना पायांनी ठाऊक असते. पाणबुड्याने बुडीच्या आदल्या ओहोटीला त्यांच्यामागून किनारा एकदा चालून पाहावा. भरतीत जे झाकलेले असते ते तेव्हा उघडे पडते. कालव्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात हेही तेव्हाच समजते. उथळ वाळूत पाकट पडून असतो, म्हणून पाऊल उचलून न टाकता वाळूतून घासत न्यावे, हे मच्छीमाराचे पोर सहज सांगून जाते.

मालवणच्या समुद्रात असे ज्ञान किती मोलाचे ठरले, याला सिंधुदुर्ग साक्ष आहे. कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षे चालले. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची दाटी आहे. त्यांतून होडी नेण्याची वाट माहीत असणाऱ्याला ते कुंपण, माहीत नसणाऱ्याला तो सापळा. शिवछत्रपतींनी जागा निवडताना किनाऱ्यावरच्या लोकांना विचारले, असे परंपरा सांगते. पण पाण्याखालचे खडक किनाऱ्यावरच्या माणसांशिवाय कोणाला दिसणार होते? त्याच खडकांवर आज प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि आपला तरुण टाकी पाठीला बांधून ते पाहावयास जातो. आरमाराला जे खडक ओळखावे लागले, तेच पाणबुड्यालाही ओळखावे लागतात.

बंधुभगिनींनो, आता एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण गेले. हे पाणबुडे नव्हते, बहुतेक विद्यार्थी होते. जी वये परीक्षेचे निकाल पाहण्याची, त्या वयांची ही नावे दुसऱ्याच यादीत लागली. या घटनांचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. आम्ही एवढेच पाहतो की, बुडणारे बहुधा दुरून आलेले असतात, आणि किनाऱ्यावर धावत येऊन त्यांना काढणारे बहुधा तेथलेच असतात. त्या दोघांची भेट एक तास आधी झाली असती, तर किती बरे झाले असते! आमच्या सर्व बोलण्याचा मथितार्थ या एका तासात आहे.

येथे कोणी विचारील, स्थानिक मनुष्य सांगेल ते सगळेच खरे मानावयाचे काय? तसे आम्ही म्हणत नाही. काठावरच्या माणसाला आपले पाणी कळते, परंतु दाबलेल्या हवेचे शास्त्र त्याला जन्माने कळत नाही. ते त्यालाही शिकावे लागते. म्हणूनच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली, आणि किनाऱ्यावरची अनेक मुले आज रीतसर शिक्षक झाली आहेत. त्याचप्रमाणे, स्थानिक आहे म्हणून होडीत माणसे किती घ्यावीत आणि जॅकेट घालावे की नाही, हे नियम शिथिल होत नाहीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. मेअखेरचा समुद्र पावसाळ्याच्या उंबरठ्यावर असतो. सकाळचे पाणी आणि दुपारचे पाणी यांचा भरवसा तेव्हा एकमेकांवरून धरता येत नाही. मच्छीमार आपली होडी वर ओढतो ती याच सुमारास, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा लोटतो. त्याची होडी वाळूवर असताना आपण पाण्यात जाण्याचा हट्ट धरू नये.

शिवाय स्थानिकांतही दोन प्रकार असतात. एकाचे पोट आपल्या बुडीवर चालते, दुसऱ्याचे त्याच्या स्वतःच्या जाळ्यावर. पहिल्याला विचाराच, पण दुसऱ्यालाही विचारा. आणि आपले पैसे बुडत असताना ‘आज नको, उद्या या’ असे जो सांगतो, त्याचे नाव लक्षात ठेवा. पुढच्या खेपेला त्याच्याकडेच जा. त्याचे ज्ञान खरे आहे याचा त्याने स्वतःच्या खिशातून पुरावा दिला आहे.

आता आपल्या बाजूचे एक ज्ञान सांगतो. ते मालवणच्या माणसाने सांगण्याची वाट पाहू नये, कारण तो मालवणातच राहतो. परतीचा घाट आपल्याला चढावयाचा असतो. पाण्याखाली दाबाची हवा घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. बाहेरचा दाब एकदम कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे बुडबुडे शरीरात होण्याचा धोका असतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असे सांगितले जाते. हा सल्ला साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू आहे. आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच! काही मीटर खोलीवर दहा-पंधरा मिनिटे मासे पाहून येणाऱ्याला यात भीती फार थोडी. परंतु शिक्षण घेणारा तरुण दोन-तीन दिवसांत अनेक बुड्या मारतो, शेवटची बुडी दुपारी आटोपतो, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी गाठावयाची म्हणून त्याच संध्याकाळी घाट चढू लागतो. विमान त्याच्या मनात असते, घाट नसतो. त्याने आपल्या शिक्षकाला घाटाची उंची सांगून सल्ला घ्यावा आणि शेवटची रात्र किनाऱ्यावरच काढावी. रजेचा एक दिवस अधिक गेला तरी चालेल. जातानाही तेच. रात्रभर जागून, चारशेच्या घरात किलोमीटर मोटार हाकून, उतरल्याबरोबर पाण्यात शिरू नये. झोप काढावी, पाणी प्यावे, किनारा पाहावा, माणसांशी बोलावे, आणि मग उतरावे.

समुद्रापासून आता थोडे घराकडे वळू, कारण पाण्याची विचारपूस समुद्रावरच करावी असे नाही. आपल्या नगरीच्या दोन्ही अंगांना पवना आणि इंद्रायणी वाहतात. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या चिंचवडला, देहूला किंवा इंदोरीला आहेत, त्यांच्या आजोबांना नदीतील प्रत्येक डोह नावाने ठाऊक असे. इंदोरीजवळच्या कुंडमळ्याचे नाव २०२५ च्या जूनमध्ये देशभर झाले, तेथला जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसे गेली तेव्हा. परंतु त्या नावाकडे कोणी नीट पाहिले काय? तेथे काळ्या खडकात रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून खडकाला रांजणासारखी भोके पडतात. वरून पाणी गुडघाभर दिसावे आणि पुढचे पाऊल पुरुषभर खोल कुंडात जावे, अशी ती जागा. पूर्वजांनी धोक्याची पाटी लावली नाही, गावाच्या जागेलाच ते नाव दिले. आपण नाव घेतो, अर्थ विसरतो.

तीच गोष्ट डोंगरातील ओढ्यांची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आपण उभे आहोत तेथे पाऊस नसला, तरी माथ्यावर झालेला पाऊस थोड्या वेळात खाली येतो, हे तेथल्या गुराख्याला सांगावे लागत नाही. पाणी गढूळ झाले आणि पालापाचोळा येऊ लागला, की तो जनावरे वर हाकतो. धरणाच्या पाण्यात तर बुडालेली झाडे, बांध, विहिरी आणि पाय धरणारा गाळ असतो. तेथे कोणी बुडाला म्हणजे शिवदुर्ग मित्र, वन्यजीव रक्षक मावळ यांसारख्या संस्थांचे तरुण धावून जातात. त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु त्यांचे ज्ञान आपण बहुधा माणूस गेल्यावर मागतो, हे काही भूषणावह नाही.

आणि हे ज्ञान फार दिवस टिकेल असेही समजू नका. मच्छीमाराचा मुलगा जाळे सोडून आपल्याच कारखान्यांत येतो. इंद्रायणीकाठचा शेतकरी जमीन विकून चाळीच्या भाड्यावर राहतो. त्यांनी तसे करू नये, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण त्यांच्याबरोबर त्यांचे पाणीही विस्मरणात जाते. या सभागृहात असे कितीतरी जण असतील, ज्यांच्या घरी कोकणातले आजोबा आहेत. सुटीत त्यांच्याजवळ बसा. वाऱ्यांची, खडकांची, खाड्यांची नावे विचारा, वहीत उतरून घ्या. आपल्या पाणबुड्यांच्या मंडळींनी प्रत्येक बुडीनंतर त्या जागेची चार ओळींची नोंद केली, तिथी लिहिली, पाणी कोणीकडे वाहत होते ते लिहिले, आणि ती नोंद तेथल्या होडीवाल्याला दाखवून दुरुस्त करून घेतली, तर दहा वर्षांत एक मोलाचे पुस्तक उभे राहील. असे केले म्हणजे नवखा माणूसही हळूहळू जाणकार होतो. कारण जाणकार होण्यास त्या गावी जन्म घ्यावा लागतो असे नाही. रोज पाहावे लागते, आणि विचारावे लागते.

विचारावे काय? पाच प्रश्न आम्ही सुचवितो. कोठून उतरावे? कोठून बाहेर यावे, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कोणती? पाणी आता कोणीकडे वाहते, आणि तासाभराने कोणीकडे वाहील? तळाशी काय आहे: वाळू, खडक, की कोणाचे जाळे? आणि पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ‘काका, आज तुम्ही आपल्या मुलाला येथे उतरवाल का?’ या प्रश्नाला कोणी सहसा खोटे उत्तर देत नाही. उत्तर येण्यापूर्वी तो माणूस क्षणभर समुद्राकडे पाहील. त्या क्षणाला घाई करू नका.

उत्तर ‘हो’ आले, तर आनंदाने उतरा. आपल्या किनाऱ्याखालचे जग पाहण्यासारखेच आहे. उत्तर ‘नको’ आले, तर वाळूवर बसा, मासळीचे जेवण जेवा, संध्याकाळी किल्ला पाहा. समुद्र उद्याही तेथेच असणार आहे. आपण उद्या तेथे असावे, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.